शाळेत गणपती चालतो, मग प्रार्थना का चालत नाही?

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचा गणपती पंचांगापेक्षा शनिवार-रविवार बघून बसतो, आणि पुष्कळ गावांत तो एखाद्या सरकारी हायस्कूलच्या सभागृहात बसतो. भाडं आगाऊ भरलेलं असतं, विम्याचा कागद जोडलेला असतो, निरांजनाच्या ज्योतीवरून शाळेच्या माणसाशी थोडी हुज्जत घालून झालेली असते. मग अथर्वशीर्ष, आरत्या, ढोल-ताशा, कॅफेटेरियात मसालेभाताची रांग, सगळं यथासांग पार पडतं. आता त्याच शाळेत सोमवारी सकाळी मुख्याध्यापकांनी लाउडस्पीकरवरून दोन ओळींची प्रार्थना सगळ्यांकडून म्हणवून घेतली, तर पालक कोर्टात जाऊ शकतात. गेले तर शाळा जवळजवळ नक्की हरते.

इमारत तीच, देवाचं नाव दोन्हीकडे. मग एक कायदेशीर आणि दुसरं बेकायदा कसं? एवढं नीट कळलं की अमेरिकेतल्या धर्मविषयक निम्म्या भांडणांचा उलगडा होतो. (उरलेल्या निम्म्यांचा तिथल्या न्यायाधीशांनाही होत नाही. ते पुढे येईलच.)

अमेरिकी घटनेची पहिली दुरुस्ती १७९१ सालची. तिच्यात धर्माबद्दल जेमतेम एक ओळ आहे आणि त्या ओळीत सरकारला दोन गोष्टींची मनाई केली आहे. कुठल्याही धर्माला राजाश्रय देणारा कायदा करायचा नाही, आणि लोकांना आपापला धर्म पाळण्यापासून अडवायचं नाही. दोन्ही मनाया सरकारला. नागरिकाला एकही नाही. म्हणून असं प्रकरण आलं की आधी बघायचं ते हे, की बोलतंय कोण? मंडळाने सभागृह भाड्याने घेतलं तेव्हा आरती म्हणत होते ते चार नागरिक. मुख्याध्यापक माइकवर बोलले तेव्हा बोललं ते सरकार.

दोन्ही बाजूंचे निकाल आहेत. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने सकाळी म्हणण्यासाठी २२ शब्दांची एक प्रार्थना स्वतः तयार केली होती. कुठल्याच पंथाला खटकू नये म्हणून इतकी गुळमुळीत, की तिच्यात येशूचं नावही नव्हतं. ज्या मुलांना म्हणायची नसेल त्यांना सूट होती. तरी काही पालक कोर्टात गेले आणि १९६२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की लोकांसाठी प्रार्थना लिहिणं हे सरकारचं कामच नव्हे. पुढच्याच वर्षी शाळांमधलं बायबलवाचनही बंद झालं. देशभर गदारोळ उठला आणि ‘देवाला शाळेतून हाकललं’ ही ओरड आजतागायत चालू आहे. ती खरी नाही. गणिताचा पेपर हातात पडल्यावर मुलाने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, तर त्याला कोणीही अडवू शकत नाही. मधल्या सुट्टीत चार मुलांनी मिळून प्रार्थना केली तरीही नाही. उलट २००१ साली न्यूयॉर्कमधल्याच मिलफर्ड नावाच्या गावच्या शाळेला कोर्टाने झापलं. शाळा सुटल्यावर बाहेरच्या संस्थांना वर्ग मिळत होते, पण मुलांच्या एका ख्रिस्ती मंडळाला ‘तुम्ही धार्मिक’ म्हणून नकार गेला. दार सगळ्यांना उघडलंत ना, मग धार्मिक म्हणून कोणाच्या तोंडावर ते लावता येणार नाही, असा तो निकाल. आपल्या मंडळांचा गणपती याच तत्त्वावर शाळेत बसतो, हे किती कार्यकर्त्यांना ठाऊक असेल कोण जाणे.

हे सगळं देव न मानणाऱ्यांनी आणलं, असा एक समज आहे. इतिहास वेगळं सांगतो. धर्म आणि राज्य वेगळे ठेवण्यासाठी सर्वांत हट्टाने भांडले ते बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांसारखे कट्टर श्रद्धाळू, कारण दुसऱ्या पंथाच्या राजाश्रयाचा मार त्यांनी खाल्ला होता. व्हर्जिनियात त्यांचे धर्मोपदेशक परवान्याशिवाय प्रवचन केल्याबद्दल तुरुंगात गेले. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी सक्तीचा कर थेट १८३३ पर्यंत होता. धर्म आणि राज्य यांच्यातली ‘भिंत’ हा जो शब्द सारखा ऐकू येतो, तो घटनेत कुठेच नाही. तो आहे १८०२ साली राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रात.

त्याहून जुनी एक गोष्ट आहे आणि तिचा पत्ता आपल्या लोकांच्या पायाखालचा आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, फ्लशिंगला, बाउन स्ट्रीटवर गणपतीचं देऊळ आहे. १९७७ साली तिथे प्रतिष्ठापना झाली. दर्शन आटोपून तळघरातल्या कँटीनमध्ये डोशासाठी रांग लावणं हा आता न्यूयॉर्कच्या खवय्यांचाही नेम आहे. ज्याच्या नावाचा हा रस्ता, तो जॉन बाउन सतराव्या शतकातला तिथला रहिवासी. तेव्हा ही डचांची वसाहत होती आणि गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट यांनी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना आसरा देण्यावर बंदी घातली होती. २७ डिसेंबर १६५७ रोजी फ्लशिंगच्या तीस जणांनी याविरुद्ध लेखी निषेध पाठवला. त्यांतला एकही जण स्वतः क्वेकर नव्हता. प्रेम आणि स्वातंत्र्याचा हा नियम ज्यूंना, तुर्कांना, इजिप्शियनांनाही लागू आहे, असं त्या कागदात स्वच्छ लिहिलं आहे. कागद लिहिणारा गावचा कारकून तुरुंगात गेला. पाच वर्षांनी बाउनने आपल्या घरात क्वेकरांची सभा भरवली, दंड भरायला नकार दिला आणि त्याला जहाजात घालून हॉलंडला पाठवण्यात आलं. तिथे त्याने थेट डच वेस्ट इंडिया कंपनीपुढे गाऱ्हाणं मांडलं. कंपनीने १६६३ मध्ये गव्हर्नरला कळवलं, की कोणाच्या श्रद्धेवर जबरदस्ती करू नका, शांतपणे राहतात त्यांना राहू द्या. यात उदारपणा किती आणि हिशेब किती, हे सांगणं अवघड आहे. वसाहतीला माणसं हवी होती, हेही त्या पत्रात आहेच. बाउनचं घर अजून उभं आहे, देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

आपल्याकडच्या वाचकाला सर्वांत चमत्कारिक वाटेल ती गोष्ट देवळाच्या कारभारात आहे. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर १९७३ च्या कायद्याने सरकारने नेमलेल्या समितीकडे आहे, आषाढीला मुख्यमंत्री सपत्नीक शासकीय महापूजा करतात. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकासाठी १९८० चा कायदा आहे, शिर्डीसाठी २००४ चा. विश्वस्त कोण, यावर मंत्रालयात खलबतं होतात आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. अमेरिकेत सरकार कुठल्याही देवळाचा, चर्चचा किंवा मशिदीचा विश्वस्त नेमू शकत नाही. पुजारी कोण असावा, हेही सांगू शकत नाही. धर्मगुरू नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार सर्वस्वी त्या धर्मसंस्थेचा, असं सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये एकमताने सांगितलं आहे. दोन गट भांडत कोर्टात आले तर न्यायाधीश संस्थेची नियमावली बघतील, जागेची कागदपत्रं बघतील, पण खरी परंपरा कोणाची यात पडणार नाहीत. पैशाची अफरातफर झाली तर मात्र सरकार विचारणारच.

धर्मसंस्थांना आयकर नाही. दान देणाऱ्याला त्याच्या करात वजावट मिळते आणि देवळाच्या जागेवर बहुधा मालमत्ता करही नसतो. त्याच्या बदल्यात एक पथ्य आहे, १९५४ पासूनचं: निवडणुकीत अमक्याला मत द्या, तमक्याला पाडा, असा प्रचार संस्थेच्या नावाने करायचा नाही. हे पथ्य पाळलं जातं म्हणण्यापेक्षा मोडलं तरी सहसा कोणी विचारत नाही, म्हणणं जास्त खरं. न्यूयॉर्क राज्यातल्या एका चर्चने १९९२ साली राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार क्लिंटन यांच्याविरुद्ध वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात दिली आणि त्याची करमाफी गेली. इतकं उघड केल्याशिवाय कोणाची जात नाही.

लग्नाचं गणित आणखी गंमतीचं आहे. हिंदू विवाह कायदा, मुस्लिम व्यक्तिगत कायदा असे वेगवेगळे कप्पे तिथे नाहीत. ज्या त्या राज्याचा लग्नाचा कायदा सगळ्यांना एकच. पण तो लावण्याचा अधिकार धर्मगुरूला आहे. आधी सरकारी कचेरीतून परवाना आणायचा. न्यूयॉर्कमध्ये तो हातात पडल्यावर साधारण चोवीस तास थांबावं लागतं. मग कुठल्याही बागेत, हॉटेलात, देवळात सप्तपदी करा. अक्षता पडल्या, वरण-भातावर तूप पडलं, की गुरुजी उपरणं सावरून त्या इंग्रजी छापील कागदावर सही करतात. त्या सहीने लग्न सरकारदरबारी पक्कं होतं. न्यूयॉर्क शहरात या कामासाठी गुरुजींना आधी स्वतःची नोंदणी करावी लागते. भिंत भिंत म्हणतात, तिला इथे चांगली रुंद खिडकी आहे.

सार्वजनिक आयुष्यात तर ती भिंत शोधावी लागते. डॉलरच्या नोटेवर ‘आमचा देवावर भरवसा आहे’ अशा अर्थाची ओळ आहे. ते राष्ट्राचं अधिकृत ब्रीदवाक्य झालं १९५६ मध्ये, आणि शाळेत मुलं ध्वजाची जी प्रतिज्ञा म्हणतात तिच्यात देवाचा उल्लेख आला १९५४ मध्ये. शीतयुद्ध ऐन भरात होतं, सोव्हिएत रशिया नास्तिक, म्हणून आपण आस्तिक हे ठसवायचं होतं. घटनेच्या सहाव्या कलमात सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही असं आहे. तरी मेरीलँडमध्ये साधं नोटरी होण्यासाठीही देवावर विश्वास असल्याचं जाहीर करावं लागे, ते १९६१ साली बंद झालं. त्याआधीच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडींना ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट पाद्रींसमोर उभं राहून सांगावं लागलं होतं, की मी कॅथलिक असलो तरी राज्यकारभाराचे हुकूम पोपकडून घेणार नाही. कायदा एक गोष्ट आणि मतदाराचं मन दुसरी.

ते मन बदलतंय, हेही खरं. २०१३ मध्ये हिंदू धर्म मानणाऱ्या तुलसी गॅबार्ड यांनी भगवद्गीतेवर हात ठेवून काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची शपथ घेतली. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनमधून तिथे निवडून जातात. पण जुलै २००७ मध्ये राजन झेद यांनी सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, पहिली हिंदू प्रार्थना म्हटली, तेव्हा प्रेक्षकांच्या सज्जातून तिघांनी आरडाओरडा केला होता. पोलिसांनी त्यांना अटक केली.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल, सरकारने प्रार्थना म्हणायची नाही ना, मग सिनेटमध्ये ती कशी? तर्काने बघाल तर बसत नाही. कोर्टाने १९८३ मध्ये उत्तर दिलं ते परंपरेचं: पहिल्या काँग्रेसनेच पगारी धर्मगुरू नेमले होते, म्हणजे घटनादुरुस्ती लिहिणाऱ्यांना ते खटकलं नव्हतं. मला हे उत्तर सोयीचं वाटतं, पटत नाही. पण गेल्या काही वर्षांत हेच परंपरेचं माप कोर्टाने सगळीकडे लावायला घेतलं आहे, म्हणून ते ध्यानात ठेवावं लागतं.

२०२२ चा ब्रेमर्टनचा निकाल बघा. वॉशिंग्टन राज्यातल्या एका सरकारी हायस्कूलचा फुटबॉल प्रशिक्षक सामना संपला की मैदानाच्या मधोमध गुडघा टेकून प्रार्थना करायचा. शाळेने मनाई केली, तो कोर्टात गेला आणि सहा विरुद्ध तीन मतांनी जिंकला. बहुमताने लिहिलं, की ही एका माणसाची खासगी, शांत प्रार्थना होती. विरोधी निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी त्यात चक्क छायाचित्रं छापली: गुडघे टेकलेल्या मुलांचा घोळका आणि मधे प्रशिक्षक. संघात कोण खेळणार हे ठरवणारा माणूस मधोमध बसला असताना, बाजूला उभं राहण्याची हिंमत सोळा वर्षांचं पोर कुठून आणणार, हा त्यांचा मुद्दा. म्हणजे बोलतंय कोण, हा प्रश्न दोन्ही बाजूंना मान्य आहे; एकाच माणसाकडे बघून एकांना नागरिक दिसतो आणि दुसऱ्यांना सरकारी नोकर.

याच वाऱ्यावर २०२४ मध्ये लुइझियानाने कायदा केला, की प्रत्येक सरकारी वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा किमान अकरा बाय चौदा इंचांच्या कागदावर, वाचता येतील अशा अक्षरांत लावायच्या. केंटकीचा असाच कायदा १९८० साली रद्द झाला होता. तेव्हा वर्गाच्या भिंतीवर बोलणारं सरकार होतं, आता ते सरकार राहिलं नाही असं नव्हे. बदललं आहे ते सुप्रीम कोर्टातल्या न्यायाधीशांचं बहुमत.

कोर्टाबाहेरचा धर्म याहून मोठा आहे आणि तो रविवारी सकाळी दिसतो. नव्या गावात राहायला गेलेल्या माणसाला ओळखी कुठे होतात, गरजूला डबाबंद अन्न कुठून मिळतं, दारू सोडणाऱ्यांची बैठक कोणाच्या तळघरात भरते, या सगळ्याचं उत्तर बहुधा चर्च हेच असतं. कृष्णवर्णीयांसाठी तर गोऱ्यांच्या ताब्यात नसलेली ती एकमेव मोठी जागा होती. १९५५ मध्ये माँटगोमेरी शहरातल्या, बसमधल्या वंशभेदाविरुद्धच्या बहिष्काराची पहिली मोठी सभा होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये भरली आणि त्याचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग हे त्याच शहरातल्या दुसऱ्या चर्चचे धर्मोपदेशक होते. म्हणूनच सप्टेंबर १९६३ मध्ये बर्मिंगहॅमला वंशद्वेष्ट्यांनी बॉम्ब ठेवला तो चर्चमध्ये. त्यात चार मुली गेल्या. राजकारणात धर्म नको, असं म्हणणाऱ्यालाही हा इतिहास ओलांडून जाता येत नाही. आता मात्र ही वीण सैल होते आहे. प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीत २००७ साली ७८ टक्के प्रौढ स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते, २०२३-२४ मध्ये ६२ टक्के. कुठलाच धर्म न सांगणारे १६ वरून २९ टक्क्यांवर गेले.

आपल्यापैकी काहींनी या कायद्यांची धग नुकतीच अनुभवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यावर बंदी घातली. तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसं विधेयक संमत केलं, पण त्या ऑक्टोबरात राज्यपालांनी सध्याचे कायदे पुरेसे आहेत म्हणून ते परत पाठवलं. आंबेडकरी संघटना म्हणत होत्या, जात समुद्र ओलांडून नोकरीच्या ठिकाणी आली आहे. काही हिंदू संघटना म्हणत होत्या, हे कलम आमच्याच धर्माकडे बोट दाखवतं. मला पहिल्या बाजूचं म्हणणं जास्त वजनदार वाटतं, कारण भेदभाव न करण्याची सक्ती झाल्याने कोणाची पूजाअर्चा अडत नाही.

राहिला दुसऱ्या मनाईचा प्रश्न, म्हणजे धर्मापायी कायद्यातून सूट किती मिळावी. १८७९ साली कोर्टाने मॉर्मन पंथाच्या एका माणसाला बहुपत्नीत्वाची सूट नाकारली: श्रद्धा काहीही ठेवा, वागायचं कायद्याप्रमाणे. १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, ध्वजाला सलाम न करणाऱ्या जेहोवाज विटनेसेस पंथाच्या मुलांना मात्र त्याच कोर्टाने संरक्षण दिलं. केरळमध्ये त्याच पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत म्हटलं नाही म्हणून शाळेतून काढलं होतं. १९८६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं, तेव्हा या अमेरिकी निकालाची चर्चा निकालपत्रात होती.

पुढे १९९० मध्ये एक निकाल आला. मूळ अमेरिकी जमातींच्या पूजाविधीत पेयोटी हे गुंगी आणणारं, अमली पदार्थ म्हणून तेव्हा बंदी असलेलं निवडुंग खातात. ते खाल्लं म्हणून नोकरी गेलेल्या दोघांना बेकारभत्ताही नाकारला गेला आणि कोर्टाने ते योग्य ठरवलं. कायदा सगळ्यांना सारखा असेल तर धर्मासाठी सूट मागता येणार नाही. यावर डावे-उजवे सगळे चिडले आणि १९९३ मध्ये काँग्रेसने धर्मस्वातंत्र्याचा नवा कायदा केला. सबळ कारण असल्याशिवाय सरकारने कोणाच्या धर्माचरणावर भार टाकू नये, असा. या कायद्याचा सर्वांत गाजलेला लाभार्थी कोण ठरला? हस्तकलेच्या सामानाची दुकानं चालवणारी हॉबी लॉबी ही मोठी कंपनी. मालकांच्या श्रद्धेत बसत नाही म्हणून काही गर्भनिरोधकं कर्मचाऱ्यांच्या विम्यात न देण्याची मुभा तिला २०१४ मध्ये मिळाली.

आणि ज्यांच्यावरून हा कायदा झाला, त्या मूळ रहिवाशांचं काय? ॲरिझोनात ओक फ्लॅट नावाची जागा अपाची लोकांसाठी पवित्र आहे. मुली वयात आल्यावरचे त्यांचे विधी तिथेच होतात, दुसरीकडे होऊ शकत नाहीत. जागेखाली तांबं आहे आणि ती खाणकंपनीला देण्याची तरतूद काँग्रेसने २०१४ मध्ये केली. खाण झाली तर ती जागा खचून मोठा खड्डा पडणार, हे सरकारी अहवालातच आहे. अपाचींनी १९९३ च्या कायद्याचा आधार घेतला आणि २०२४ मध्ये अपील न्यायालयात सहा विरुद्ध पाच मतांनी हरले. कारण असं, की जमीन सरकारची. सरकार स्वतःच्या मालमत्तेचा व्यवहार करतंय, कोणाला काही पाळायला किंवा सोडायला सांगत नाही. बोलतंय कोण, या प्रश्नाचा इथे काही उपयोग होत नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. न्यायमूर्ती गोर्सच यांनी त्याला विरोध करताना विचारलं, की हेच एखादं जुनं कॅथेड्रल पाडायचं असतं तर? त्यांच्या बाजूने फक्त न्यायमूर्ती थॉमस होते.